गुळाचा किल्ला, गाजराची फुलं आणि पाण्याचा हिशेब

तुझा प्रश्न दोनदा वाचला भावा. म्हणजे बहिणीचं लग्न मे महिन्यात, हॉल कोल्हापुरातच, रुखवतात तुला गुळाचा पन्हाळ्याचा तीन दरवाजा उभा करायचाय, शेजारी कोरलेलं कलिंगड आणि गाजर-मुळ्याची फुलं ठेवायचीत. व्हिडिओ बघून एकदा करून बघितलंस तर फुलांनी तासाभरात माना टाकल्या आणि गुळाच्या भिंतीला दुसऱ्या दिवशी घाम सुटला. चुकलं कुठं, हे शिकायचं कुठं, आणि अन्नाची नासाडी केली म्हणून पै-पाहुणे नावं ठेवतील का, हे तुझं विचारणं.

मी हे काम २२-२३ वर्षं करतोय. सुरुवात मातीत झाली, मामाचा गणपतीचा कारखाना होता, शाळा सुटली की तिथं जाऊन उंदीर लावायचे आणि मार खायचा. मग हॉटेल मॅनेजमेंट, मग पुण्यात आणि गोव्यात मोठ्या हॉटेलांच्या थंड किचनात सॅलड, बर्फ, फळं कोरणे वगैरे, आणि आता परत गावात लग्नाची, डोहाळजेवणाची, उद्घाटनाची कामं. मातीतून अन्नात आल्यावर पहिली दोन वर्षं नुसती रडारड होती कारण माती चुका पोटात घालते, नाक जास्त तासलं तर ओला गोळा लावा, थापटा, पुढं चला. काकडीला नाक परत लावता येत नाही. आणि माती वाळली की काम पूर्ण होतं, भाजी वाळली की काम संपतं.

आता तुझ्या दोन्ही बिघाडांकडं बघ. गाजर मेलं कारण त्याच्या आतलं पाणी बाहेर गेलं. गूळ रडला कारण बाहेरचं पाणी आत आलं. बास, या धंद्यातली निम्म्याहून जास्त अक्कल एवढ्यातच आहे. चाकू कुठला, डिझाइन कुठलं, व्हिडिओ कुणाचा हे सगळं नंतर. हातात जो पदार्थ घेतलायस तो पाणी सोडणारा आहे का पाणी ओढणारा, आणि लोक बघायला येणार त्या वेळेला तो कुठल्या अवस्थेत असणार, हे आधी ठरव आणि तिथून उलटं मोजत मागं ये.

गाजरापासून धरू. गाजर कडक असतं कारण त्याच्या प्रत्येक पेशीत पाणी ठासून भरलेलं असतं, फुगवलेल्या फुग्यासारखं. तू पाकळी पातळ कापलीस की दोन्ही बाजूनं हवा लागते, पाणी उडतं, फुगा बसतो. पण हेच उलटं वापरता येतं आणि ते एकदा जमलं की मजा येते. पीलरनं गाजराच्या किंवा मुळ्याच्या लांब पट्ट्या काढ, एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून त्यात दहा-पंधरा मिनिटं टाक. मीठ पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, पट्टी रिबिनीसारखी लोळायला लागते, मोडत नाही. मग एक पट्टी घट्ट गुंडाळून कळी कर, दुसरी तिच्याभोवती थोडी सैल, तिसरी अजून सैल आणि वरची कड बोटानं बाहेर मुरड, आई करंजीला मुरड घालते तसं. खाली आडवी काडी खोच आणि साध्या बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेव. आता पाणी परत आत जातं आणि ते फूल तू वळवलंस त्याच आकारात कडक होतं. व्हिडिओत नुसतं बर्फाच्या पाण्यात टाका म्हणतात आणि मीठ सांगत नाहीत म्हणून लोकांच्या पाकळ्या वळवतानाच तुटतात.

तरीपण मे महिन्यातल्या हॉलमध्ये, डोक्यावर पंखा, समोर व्हिडिओवाल्याची लाइट, अशा ठिकाणी ही फुलं तीन तासाच्या वर धरू नकोस. मेक्सिकोत वाहाका म्हणून गाव आहे, तिथं दर २३ डिसेंबरला मुळ्याची रात्र असते, १८९७ पासून चालत आलेली स्पर्धा, राक्षसी आकाराचे मुळे कोरून माणसं, चर्च, येशूजन्माचे देखावे करतात आणि लोक रांगा लावून बघतात. ती माणसंसुद्धा हातात पाण्याचा फवारा घेऊन उभी असतात कारण मुळा काही तासात काळवंडतो आणि सुकतो. सव्वाशे वर्षं करणाऱ्यांची ही गत, तर तू एका फवाऱ्याच्या बाटलीवर लाजू नकोस. एका चुलतभावाला ती ड्युटी दे, दर वीस मिनिटांनी फुस्स.

बीट मात्र फुलांच्या मधे ठेवू नको, शेजारच्या मुळ्याला गुलाबी करून सोडतंय. बटाटा, सफरचंद हवेत काळे पडतात, लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवलं तर थोडा वेळ मिळतो. कच्ची पपई कोरायला लोण्यासारखी, पण चीक निघतो, हात खाजतात, साल काढली की धुऊन घे. लाल भोपळा सगळ्यात इमानदार. दोन-तीन दिवस टिकतो, रंग धरतो, नवशिक्याच्या चुका झाकतो, आणि तरी लग्नाच्या रुखवतात त्याला कुणी घेत नाही कारण भोपळा म्हटलं की लोक हसतात. मी घेतो.

कलिंगडाचं जरा बैजवार सांगतो कारण ते तुझ्या टेबलावरचं सगळ्यात दिसणारं काम असणार. खायला घेताना आपण पिकलेलं, रवाळ बघतो, कोरायला ते चालत नाही. जरा कमी पिकलेलं, गडद हिरवं, गोल आणि जाड सालीचं घे. लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थाला गेलास तर विकणाऱ्याला सरळ सांग की कोरायला पाहिजे, तो एक नमुन्याला कापून दाखवेल, सालीखालचा पांढरा थर निदान बोटाच्या पेराएवढा तरी पाहिजे. कारण कलिंगडाची खरी गंमत त्या थरांत आहे. वर हिरवा, मग पोपटी, मग पांढरा, मग फिका गुलाबी, मग लाल. तुला रंग द्यायचाच नाहीये, चाकू किती खोल घालतोस त्यावर रंग ठरतो. उथळ कापलं तर पांढरं फूल, खोल गेलं तर पाकळीची कड पांढरी आणि पोट लाल.

करायचं असं. हिरवी साल पीलरनं ताटलीएवढ्या गोलात काढून टाक. मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ उभ्या चाकूनं काप, अर्धा इंच खोल. आता चाकू तिरका धरून त्या वर्तुळाच्या बाहेरनं आत असा फिरवत भोवतीचं एक कडं काढ, म्हणजे मधलं बटण वर उठून दिसेल. मग बटणाभोवती पाकळी, आधी चंद्रकोरीसारखा उभा काप, मग त्याच्या मागून तिरका काप, मधला तुकडा उचलून फेक. फेक म्हणजे वाडग्यात टाक, त्याचं सरबत होतंय. दर पाकळी आधीच्या दोन पाकळ्यांच्या मधून निघाली पाहिजे. उभा काप पाकळी ठरवतो, तिरका काप सावली ठरवतो, आणि लोकांना जे फूल दिसतं ते सावलीमुळं दिसतं. माझ्याकडं शिकायला येणारी पोरं पाकळ्यांवरच जीव काढतात आणि मागचा तुकडा पातळ काढतात, मग सगळं सपाट, हातावरच्या मेंदीसारखं. मागचं काढायला हात आखडू नको.

आदल्या रात्री कोर, ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळ, वरनं प्लॅस्टिक आणि फ्रिजमध्ये. सकाळी हॉलवर. पाच-सहा तास आरामात जातात. थायलंडात फळं-भाज्या कोरायची जुनी दरबारी परंपरा आहे, तिथला चाकू बारीक, पात्याला लवचिक आणि टोकाला सुईसारखा असतो, ऑनलाइन मिळतो. मी मात्र अजून हॅक्सॉच्या ब्लेडचा तुकडा धारवाल्याकडनं घासून, त्याला सुतळी गुंडाळून केलेलाच वापरतो. सांगायचं एवढंच की सुरुवातीला चाकूवर पैसे घालू नको, धारेवर घाल.

आता गूळ. इथं जरा थांबून बोलू कारण आपण गुळाच्या गावातली माणसं, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तरी गुळाचं शिल्प करणारं आपल्याकडं कुणी फारसं नाही. त्याला कारण आहे. गुळात नुसती साखर नसते, तिच्याबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, क्षार असतात, आणि हे सगळं हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून साखरेचा डबा वर्षभर कोरडा राहतो आणि गुळाची ढेप जूनमध्ये पाझरायला लागते. बिनकेमिकलचा काळसर गूळ खायला झकास, पण तो मऊ असतो आणि लवकर पाझरतो. शिल्पाला पिवळसर, कडक, टणक रवा, म्हणजे गुळाची ढेप, बघ.

लहानपणी गुऱ्हाळावर गेला असशीलच. काहिलीत रस आटत येतो, मळी काढतात, आणि शेवटी गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बघतो, गोळी होऊन भांड्यावर टण्ण वाजली की काहील उतरायची. त्याच्या हाताला कळतं ते आपल्याला थर्मामीटर सांगतो, साधारण १०५ अंशाच्या आसपास काकवी, ११८ च्या आसपास गूळ. तुला शिल्पासाठी त्याच्याही पुढं जावं लागणार. मी तीन भाग गूळ आणि एक भाग साखर घेतो, भिजण्यापुरतं पाणी, आणि १३० ते १३५ पर्यंत नेतो, म्हणजे आजीच्या भाषेत गोळीबंदच्या पुढं आणि चिक्कीच्या जरा अलीकडं. १४० च्या वर गुळाला कडवट करपट वास येतो, तिथं जाऊ नको. लिंबू पिळू नको. साखरेचं काम करणारे दोन थेंब टाकतात कारण त्यानं पाक दाणेदार होत नाही, पण त्यासाठी साखर फोडून तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार होतं जे गुळात आधीच जास्त आहे, म्हणजे रडक्या पोराला अजून चिमटा. सोडा पण नको, फेस येतो, आत पोकळ्या राहतात.

आणि तीन दरवाजा करू नको. रागवू नको, ऐक. तीन दरवाज्याची सगळी ऐट बारीक कोरीवकामात आहे आणि गुळात बारीक कोरीवकाम चोवीस तासात गोल होतं, साबण वापरून झिजतो तसं. पन्हाळाच पाहिजे असेल तर अंबरखाना कर. जाड भिंती, घुमटाकार छप्पर, कमान, बाहेरनं वर जाणारा जिना, सगळं ठोकळेबाज. गुळाला ठोकळेबाजच शोभतं. शिवाय ते धान्याचं कोठार, गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठ्यांची नावं, रुखवतात लेकीला भरलेली कोठी देतोय म्हटल्यावर आजी-आत्या डोळे पुसतील आणि तुझी कमान थोडी वाकडी असली तरी कुणी बघणार नाही. २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून सगळ्यांना दरवाजेच करायचेत, तू वेगळं कर.

आधी पुठ्ठ्याचा अंबरखाना करून टेबलावर ठेवून बघ, लांबून, उभं राहून आणि खुर्चीत बसून. मग तेच पुठ्ठे नमुने म्हणून वापर. ओतायला जाड बटर पेपर, त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या करून चौकट, आतून तुपाचा हलका हात. कमानीच्या जागी पट्टी वाकवून ठेव म्हणजे भोक तयारच मिळतं, नंतर कापायला गेलास तर तडकणार. भिंत एक सेंटीमीटर जाड, त्याच्या खाली नको. ३० बाय २० ची एक पाटी साधारण पाऊण ते एक किलोची होते, त्यावरनं तुझा हिशेब कर, छपरासकट सहा-सात किलो गूळ धर. पाटी पूर्ण गार व्हायच्या आधी, हाताला कोमट लागत असताना, कडा चाकूनं साफ करून घे आणि दगडाच्या रेषा तेव्हाच ओढ. जोडायला तोच पाक, पण १४० ला नेलेला, चमच्यानं कडेला ओढायचा आणि दोन मिनिटं धरून बसायचं. पाक अंगावर सांडला तर चिकटून भाजत राहतो, शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेव आणि पोरंटोरं स्वयंपाकघरातनं बाहेर.

जनावर करू नको. हत्ती, घोडा, मोर, काही नाही. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा बघितलायस ना, घोड्याचे पुढचे पाय हवेत, ते धातूला जमतं, गुळाला चार पायसुद्धा जमत नाहीत. मला माहीत आहे कारण मी केलाय. जुलै महिना, एका मोठ्या माणसाची साठी, त्यांना गुळाचा हत्ती पाहिजे होता आणि मी तरणा होतो, हो म्हणून बसलो. दोन फुटी हत्ती, झूल काजूची, डोळे मनुक्याचे. संध्याकाळी हॉलवर ठेवला, एसी फुल्ल, हत्ती टणटणीत. रात्री हॉलवाल्यांनी एसी बंद करून खिडक्या उघडल्या, बाहेर धो-धो, ती दमट हवा गार पडलेल्या हत्तीवर आली आणि थंड ताकाच्या पेल्याला बाहेरनं पाणी सुटतं तसं त्याला सुटलं. सकाळी जाऊन बघतोय तर पुढचे दोन पाय दुमडून हत्ती सोंड टेकून बसलेला. मला देव आठवला. पाहुणे आले तर म्हणतात वा, काय कल्पना आहे, हत्ती मुजरा करतोय. बिल मिळालं पूर्ण, पण त्या दिवसापासनं पावसाळ्यात गूळ बंद.

म्हणून गुळाचं काम फ्रिजमध्ये कधीच ठेवायचं नाही आणि एसीतनं बाहेर आणायचं नाही. हा तुझा घाम कुठनं आला त्याचं उत्तर, बहुतेक तू ती भिंत फ्रिजमध्ये टाकली असणार. मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, तळाला सिलिका जेलच्या पुड्या किंवा नुसते कोरडे भाजलेले तांदूळ, झाकण चिकटपट्टीनं बंद, घरातल्या कोरड्या खोलीत. मे मधला आपला खरा वैरी वळीव. दुपारी चारला आभाळ येतं आणि तासाभरात हवा बदलते, त्या दिवशी ओतायचं काम काढू नको.

साखरेबद्दल एवढंच की ती गुळापेक्षा शहाणी आहे. गुढीपाडव्याच्या गाठी बघ, लाकडी साच्यात दोरा ठेवून पाक ओतला की झालं, आणि कितीतरी दिवस जशाच्या तशा राहतात. आपल्याकडची खरी परंपरा बघायची तर संक्रांतीचे हलव्याचे दागिने बघ, ते आपलं खास अन्नशिल्प आहे आणि आपल्याला त्याची किंमत नाही. माझी मावशी करायची. मंद शेगडीवर पसरट कढई, त्यात मूठभर तीळ, आणि चमच्याच्या टोकानं एकतारी पाकाचे चार थेंब सोडायचे, बोटांनी हलवत राहायचं, ते सुकले की अजून चार थेंब. घाई करून चमचाभर ओतलं की सगळं एकमेकांना चिकटून गोळा. थेंबाथेंबानं केलं तर तिळावर काटे फुटतात, दुसऱ्या दिवशी अजून, तिसऱ्या दिवशी अजून. आणि हे संक्रांतीलाच का, तर हवा कोरडी आणि गार असते म्हणून, मेमध्ये तोच हात, तीच कढई, काटा येत नाही. मावशीच्या बोटांची टोकं त्या दिवसांत लाल असायची आणि तिला कुणी शिल्पकार म्हटलं नाही. फ्रान्सात कारेम नावाचा आचारी होऊन गेला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, साखरेची देवळं आणि मनोरे उभे करायचा, आम्हाला हॉटेल मॅनेजमेंटला पहिल्याच वर्षी शिकवतात. हलव्याचं पुस्तकात नव्हतं.

हल्ली आयसोमाल्ट म्हणून साखरेपासून केलेला पदार्थ मिळतो, तो ओलावा फार कमी ओढतो आणि काचेसारखा पारदर्शक होतो, केकवाल्यांच्या दुकानात मिळतोय. अंबरखान्याच्या पायथ्याला तळं करायचं असेल तर त्याचं कर. महाग आहे आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, एवढं पोरांच्या आयांना सांगून ठेव.

लोणी मात्र मनातच आणू नको. हॉटेलात लोण्याचे पुतळे म्हणून जे बघतोस ते बहुतेक वेळा कडक मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, असतं. खरं लोणी तिशीच्या पुढं ढिलं पडतं आणि आपला मे ३७-३८ चा. अमेरिकेत आयोवाच्या जत्रेत १९११ पासून लोण्याची आख्खी गाय करतात, पण ती काच लावलेल्या थंड खोलीत, आतून लाकूड आणि जाळीचा सांगाडा, त्याच्यावर लोणी लिंपलेलं. जवळचं बघायचं तर कर्नाटकात मुंडगोडला तिबेटी मठ आहेत, त्यांच्याकडं पूजेला लोण्याची फुलं आणि नक्षी करायची परंपरा आहे. भिक्षू रंगवलेलं लोणी बर्फासारख्या पाण्यात बोटं बुडवून बुडवून घडवतात, कारण बोटाच्या ऊबेनंच ते वितळतं. कलाकाराला स्वतःचं अंग गार ठेवायला लागतं असं काम मला दुसरं माहीत नाही.

नासाडीचं विचारलंस ते बरं केलंस. नावं ठेवतील, ठेवू देत, पण त्यांना उत्तर द्यायची सोय ठेव. माझा नियम साधा आहे, जे खाता येणार नाही ते टेबलावर अन्न म्हणून ठेवायचं नाही. कलिंगडाचा काढलेला गर सरबताला, गाजराची टोकं कोशिंबिरीला, जेवणं उठायच्या आधी कोरलेलं कलिंगड कापून वाटायचं, गुळाच्या भिंती फोडून पाव-पाव किलोच्या पुड्या करून घरच्या बायकांना द्यायच्या. म्हणून व्हार्निश नाही, ग्लूगन नाही, चमकी नाही. एका स्पर्धेत मी दुसरा आलो आणि पहिल्याच्या कामाला फेव्हिकॉलचा वास येत होता, परीक्षक लांबनंच बघून गेले, ते अजून पचलेलं नाही मला. आत आधार लागलाच तर हातभर लांब बांबूची काडी घाल, जी फोडताना दिसेल, टूथपिकचे तुकडे आणि टाचण्या अजिबात नाहीत. फुलांच्या बुडातली काडीसुद्धा पूर्ण लांबीची ठेव, आणि कापायला घ्यायच्या आधी एकानं मोजून काढायची. आणि देवाची मूर्ती अन्नात करू नको. मला काही अडचण नाही, पण संध्याकाळी ती सुरीनं कापायची कुणी?

शिकायचं म्हणशील तर चाकूच्या क्लासला जायच्या आधी महिनाभर बापट कॅम्पला जाऊन कुणा कुंभाराच्या हाताखाली मातीत हात घाल, फुकट राबायला नाही म्हणणार नाहीत. हाताला गोलाई कळायला लागली की मग साबणाच्या वडीवर कोर, साबण स्वस्त, एकसारखा, आणि उरलेला चुरा कपड्याला. चित्र काढणं जमत नसेल तर कलानिकेतन किंवा दळवीज या चित्रकला कॉलेजांची पोरं सुट्टीत शिकवण्या घेतात का विचार. संध्याकाळी मंडई उठताना उरलेले मुळे स्वस्तात मिळतात, ते सरावाला आण. रोज एकच फूल कर, पण तेच फूल वीस दिवस.

हॉलवर नेताना अंबरखाना जोडून नेऊ नको. घर ते हॉल मधले स्पीडब्रेकर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. पाट्या सुट्या, मधे बटर पेपर आणि जुन्या चादरी, गाडीत आडव्या ठेव, उभ्या नाही. सकाळी सहाला हॉलवर पोच, गॅस नाहीतर छोटा स्टोव्ह बरोबर घे, तिथंच पाक करून जोड. टेबल मांडववाल्याचं डगमगतं असतं, पायाखाली पुठ्ठा घालून आधी ते सरळ कर. मुंग्यांसाठी चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, वरनं टेबलक्लॉथ खाली सोड म्हणजे वाट्या दिसत नाहीत.

आणि कमानीची पाटी एक नको, तीन ओत. एक घरी फुटते, एक गाडीत.